वाढत्या मापाची स्टिक

कर्जत-खालापूर भागात खेळांचा हंगाम भातामागोमाग येतो. पावसाळाभर शाळांची मैदानं चिखलात बुडालेली असतात, उल्हास आणि पाताळगंगा दुथडी भरून वाहत असतात आणि मुलं व्हरांड्यांत अडकून पडलेली असतात. दसऱ्याच्या आगेमागे हळवं भात कापणीला येतं, मग गरवं. झोडणी उरकते, खाचरं रिकामी होतात, आणि धसकटं तुडवून केलेल्या पट्टीवर टेनिस चेंडूचं क्रिकेट सुरू होतं. कबड्डीचं तर रायगडात विचारायलाच नको, ती गल्लोगल्ली असते. या दोन खेळांच्या गर्दीत हॉकी खेळणारं मूल एखाद-दुसरंच. कुणाचा मामा रेल्वेत खेळलेला असतो, कुणाला शाळेत बदलून आलेल्या खेळशिक्षकाने गोडी लावलेली असते, कुणी ऑलिंपिकचा सामना पाहून हट्ट धरलेला असतो. अशा मुलाच्या हातात दिवाळीच्या सुट्टीत पहिली स्टिक येते, आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या लांबीची असते.

ती चुकते कशी, हे सांगायला फार शोध घ्यावा लागत नाही. घरचं मोठं माणूस मुलाला घेऊन लोकलने सीएसएमटीला उतरतं, धोबी तलावाच्या खेळसाहित्याच्या दुकानांत जातं. दुकानदार मुलाकडे वरून खाली पाहतो, दोन स्टिक पुढे करतो. एक आज बसणारी, दुसरी दोन इंच मोठी. गणवेश वाढत्या अंगाचा शिवायचा, बूट बोटभर मोठे घ्यायचे, ही आपल्या घरांची पिढीजात काटकसर. तिच्यात वाईट काही नाही, पैसा कष्टाचा असतो. पण मोठ्या सदऱ्याची बाही दुमडता येते. मोठी स्टिक दुमडता येत नाही, आणि ती ज्या दोन वर्षांत 'मोठी' असते, त्याच दोन वर्षांत मुलाचा हात घडत असतो. म्हणून हा विषय मला नुसत्या खरेदीचा वाटत नाही.

लांब स्टिक मुलाचं काय करते ते मैदानाच्या कडेला पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. हॉकीत डावा हात दांड्याच्या अगदी टोकाला असतो आणि उजवा खाली. चेंडू उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे फिरवताना स्टिक उलटी-सुलटी करतो तो डावा हात, उजव्या मुठीत दांडा नुसता फिरू द्यायचा असतो. दांडा लांब असला की त्याचं टोक पोटाला, बरगडीला, नाहीतर डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला अडतं. मूल बिचारं तक्रार करत नाही. ते डावा हात टोकावरून चार बोटं खाली घेतं आणि काम भागवतं. त्या क्षणी मनगटाचं वळण आखडतं, वर उरलेला दांडा हाताला आडवा येऊ लागतो आणि रिव्हर्स घ्यायला उशीर होतो. चेंडू पायांपासून दूर राहतो, म्हणून समोरच्याला तो काढून घेणं सोपं जातं. हिट मारताना स्टिकचं डोकं चेंडूच्या आधी जमिनीला लागतं. मग बाहेरून कुणीतरी ओरडतं, वाक, अजून वाक. मूल वाकतं. दोष मात्र त्याच्या कमरेत नसतोच.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. स्टिक फार आखूड झाली की मूल गुडघ्यांतून न बसता पाठीतून वाकतं. मान खाली जाते, नजर फक्त चेंडूवर राहते, डाव्या बगलेत मोकळा उभा असलेला सोबती दिसतच नाही. कंबरदुखी ही हॉकीपटूंची जुनी व्यथा आहे. तिची सवय बाराव्या वर्षी लावून घेण्यात शहाणपण नाही. म्हणजे 'आखूड घ्या' हे उत्तर नव्हे. उत्तर शरीर, खेळण्याची ढब आणि पायाखालची जमीन या तिघांतून मिळून काढावं लागतं.

नियम याबाबत बराच मोकळा आहे. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांनुसार स्टिकची लांबी 105 सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी, वजन 737 ग्रॅमच्या आत असावं, ती 51 मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून पार व्हावी आणि तिचा बाक 25 मिलिमीटरच्या वर जाऊ नये. 105 सेंटीमीटर म्हणजे 41 इंचांच्याही वर. इतकी लांब स्टिक घेऊन कुणी धावत नाही. दुकानात मोठ्यांसाठी मुख्यतः दोन मापं मिळतात, साडेछत्तीस आणि साडेसदतीस इंच. बहुसंख्य प्रौढ खेळाडू पहिल्याच मापावर आयुष्य काढतात. मुलांसाठी 28 पासून 36 पर्यंतची मापं असतात. एका बाबतीत मात्र नियम कडक आहे. स्टिकची सपाट बाजू डावीकडेच असते, डावखुऱ्यासाठी वेगळी स्टिक नसते. घरात डाव्या हाताने जेवणारं मूल असेल तर त्याच्यासाठी ही उलट चांगली बातमी आहे, कारण या खेळात वरचा, कसबी हात डावाच लागतो.

माप घ्यायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत खेळायचे बूट घालून सरळ उभं राहायचं, स्टिक बाजूला जमिनीवर टेकवायची, तिचं वरचं टोक कमरेच्या हाडाशी यायला हवं. दुसरीत स्टिक उलटी करून तिचा आकडा बगलेत धरायचा आणि दांड्याचं टोक गुडघ्याच्या वाटीपर्यंत पोचतं का ते पाहायचं. गंमत अशी की एकाच मुलाला या दोन पद्धती वेगवेगळं माप देतात. दुसरीने सहसा थोडी लांब स्टिक निघते. दुकानातला तक्ता तर नुसत्या उंचीवर चालतो. पण सारख्याच उंचीच्या दोन मुलांतल्या एकाचे पाय लांब आणि धड आखूड असतं, दुसऱ्याचं उलटं. हातांची लांबीही निराळी. या सगळ्या पद्धतींत खेळाडू ताठ उभा असतो, आणि हॉकी ताठ उभं राहून खेळली जात नाही.

मला पटलेली कसोटी साधी आहे आणि दुकानाच्या चार फुटांच्या मोकळ्या जागेतही घेता येते. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवायचे, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवून पुढे झुकायचं, नजर समोर. स्टिकचं डोकं उजव्या पायाच्या थोडं पुढे टेकवायचं. आता डावा हात टोकाला धरून दहा-बारा वेळा स्टिक उलट-सुलट फिरवायची. टोक अंगाला कुठे अडतंय का? कोपर शरीरापासून सुटं राहतंय का? मान न वाकवता समोरचं दार दिसतंय का? मग एका हाताने, नुसत्या डाव्या हाताने स्टिक पुढे झोकायची, टॅकलला टाकतात तशी. डोकं लगेच जमिनीवर आदळलं तर ती त्या मनगटाला जड किंवा लांब आहे. या दोन हालचालींतून निघालेलं माप तक्त्याशी जुळलं तर उत्तमच. नाही जुळलं तर तक्ता सोडावा.

आता ढबीकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

कर्जत हे हॉकीच्या दोन जुन्या मुलखांच्या मधे येतं. खाली मुंबई. तिथे आगाखान स्पर्धा 1896 साली सुरू झाली, आणि 1980च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तिथले एम. एम. सोमय्या आणि मर्विन फर्नांडिस होते. वर, घाट चढून गेलं की खडकी. तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाच्या घरी 1968 साली धनराज पिल्ले जन्मला. थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खत कंपनीकडून खेळत होता. रायगडकरांना आरसीएफ म्हटलं की थळचा कारखाना आठवतो, पण तिच्या संघाने मुंबई लीगमध्ये नाव कमावलं होतं. 1980च्या दशकाच्या मध्यात धनराज भावापाठोपाठ घाट उतरून मुंबईला आला, पुढे महिंद्राकडून खेळला, 1989मध्ये भारताकडून उतरला आणि चार ऑलिंपिक, चार विश्वचषक खेळला. 1998च्या बँकॉक एशियाडमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी पुरुष हॉकीचं सुवर्ण परत आणलं.

धनराजचा खेळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याची धाव आठवते. केस उडताहेत, चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा समोर चाललाय, आणि बचावपटूच्या अगदी पुढ्यात आल्यावर एकदम दिशा बदलतेय. त्याचा आदर्श होता वाराणसीचा मोहम्मद शाहिद, ज्याचं ड्रिबलिंग म्हणजे भारतीय ढबीचा कळस. या ढबीत चेंडू शरीराजवळ, दोन्ही पायांच्या टप्प्यात खेळवला जातो. स्टिक सतत उलटी-सुलटी होत असते. अशा खेळाडूला स्टिकचं डोकं हलकं वाटलं पाहिजे आणि दांड्याचं टोक अंगाला अडता कामा नये. म्हणून फॉरवर्डने, विशेषतः विंगरने, आपल्या मापांपैकी आखूड बाजूचं माप आणि हलकी स्टिक, साधारण 510 ते 535 ग्रॅमची, घ्यावी असं मानतात, आणि ते योग्यच आहे. इंचभर पोच गेली तरी चालेल, वळण्याची चपळाई जाता कामा नये.

फुलबॅकचं गणित निराळं. त्याला समोरच्याच्या चेंडूपर्यंत पोचायचं असतं, स्वतःकडचा चेंडू खेळवत बसायचं नसतं. डाव्या हाताने लांब टाकलेल्या टॅकलमध्ये एक इंच म्हणजे चेंडू मिळणं आणि नुसता वारा कापणं यातला फरक. लांब हिट, जोराचा पुश, डोक्यावरून टाकलेला स्कूप, सगळ्यांत लांब दांड्याचा फायदा मिळतो, कारण डोकं मोठ्या वर्तुळातून फिरतं आणि वेग घेतं. अर्थात तो वेग पेलणारे खांदे असतील तरच. पंधरा वर्षांच्या शिडशिडीत मुलाला 'तू फुलबॅक आहेस' म्हणून साडेसदतीस इंची, जड स्टिक दिली तर तो हिट मारण्याआधीच थकतो. मधल्या फळीतल्यांना दोन्ही कामं करावी लागतात, म्हणून त्यांनी कसोटीत निघालेल्या मापावरच राहावं, इकडे-तिकडे सरकू नये.

आणि ड्रॅगफ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलाकडे झोकणं. आजच्या पोरांना हॉकी म्हटलं की हरमनप्रीत सिंग दिसतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली त्याचे 10 गोल झाले, स्पर्धेत सर्वांत जास्त, आणि भारताने कांस्य राखलं. साहजिकच प्रत्येकाला त्याच्यासारखी स्टिक हवी असते, बाक खाली आलेली आणि चेंडू बराच वेळ ओढता येईल अशी. पण खालच्या बाकाची स्टिक ड्रॅगफ्लिकला जितकी उपकारक, तितकीच साध्या हिटला त्रासदायक. चेंडू नको असताना उचलला जातो. ज्या मुलाला अजून सरळ पुश नीट येत नाही, त्याच्या हातात ती देणं म्हणजे त्याचा पाया कच्चा ठेवणं. आधी मध्यम बाक. पेनल्टी कॉर्नर मारायची जबाबदारी खरोखर खांद्यावर आली की मग दुसरी स्टिक.

धनराजच्या बालपणाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन ही भावंडं खेळायला शिकली. ती सांगताना बहुधा असं सुचवलं जातं की गुणी माणसाला साधनांची गरज नसते. मला त्या गोष्टीत वेगळंच दिसतं. मोडकी स्टिक दोरीने बांधून खेळायला मिळते, कारण आसपास स्टिक मोडणारे खेळाडू भरपूर असतात. घराशेजारी मैदान होतं, मैदानावर मोठ्यांचे संघ होते, भाऊ खेळत होते. एक स्टिक लांब वाटली तर दुसरी, जड वाटली तर तिसरी. इतक्या मापांची आणि वजनांची लाकडं हाताखालून गेली की काय बसतं आणि काय नाही ते मनगटाला आपोआप कळतं. खडकीच्या गरिबीतही ही श्रीमंती होती. आमच्या कर्जत-खोपोलीच्या मुलाकडे नवी कोरी स्टिक असते, पण एकच. तिच्याशी ताडून पाहायला दुसरी नसते. म्हणून त्याच्या एका निवडीवर इतका भार येतो.

स्टिक कशाची आहे, यानेही लांबीचा प्रश्न बदलतो. इंग्रजांनी हा खेळ आणला तेव्हा त्यांच्या स्टिकचं डोकं लांबट असायचं. तुतीचं लाकूड वाफेवर घट्ट वळवून केलेल्या आखूड डोक्याच्या स्टिक आपल्या उपखंडातून पुढे आल्या, आणि त्यांच्यामुळे चेंडूभोवती स्टिक झरकन फिरवणं शक्य झालं. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरला आले आणि तिथे हा धंदा उभा राहिला. मेरठही त्यातलंच. लाकडी स्टिकचा दांडा वेताचा, मधे रबराच्या पट्ट्या घातलेला असतो. त्याचं वरचं टोक इंच-दीड इंच कापून पुन्हा ग्रिप गुंडाळता येते, म्हणजे लांब झालेली स्टिक बसती करता येते. फक्त तोल डोक्याकडे सरकतो आणि ती थोडी जड भासते, हे लक्षात ठेवावं. फायबर किंवा कार्बनची स्टिक आतून पोकळ असते. ती कापली तर तोंड नीट बंद करावं लागतं, आणि मुळात बनवणाऱ्याने बसवलेला तोल जातो. ती कापूच नये. वाढत्या वयाच्या मुलासाठी लाकडी स्टिकच्या बाजूने हा एक चांगला मुद्दा आहे. दुसरा मुद्दा पैशाचा. लाकडी स्टिक हजाराच्या आत-बाहेर येते, कार्बनची चांगली म्हणावी ती दहा हजारांपुढेही जाते. एक महागडी वाढत्या मापाची घेण्यापेक्षा तीन वर्षांत दोन लाकडी, बसत्या मापाच्या घेणं खिशालाही परवडतं. लाकडाचा दोष आमच्या हवेत उघडा पडतो. आषाढ-श्रावणात ते ओल धरतं, फुगतं, जड होतं. जवसाचं तेल चोळून कोरड्या जागी आडवी ठेवली तर ती टिकते, कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली तर वाकते.

मग जमीन. 1976च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली, भारत सातवा आला, आणि तेव्हापासून हा खेळ गुळगुळीत गालिच्यावर गेला. स्टिकच्या जाहिराती, तक्ते, सल्ले सगळे त्याच गालिच्याला धरून असतात. आमच्याकडचं मैदान मुरमाचं. चेंडू येता येता खड्याला लागून उडतो, गवतात रुततो, धुळीत मंदावतो. टर्फवर खेळाडू स्टिक जमिनीलगत आडवी ठेवून, अगदी खाली बसून चेंडू अडवू शकतो. मुरमावर तसं केलं तर उडालेला चेंडू थेट तोंडावर येईल. इथे थोडं उंच राहून, स्टिक उभी धरून, हात सैल ठेवून चेंडू थांबवावा लागतो. म्हणजे इथला खेळाडू टर्फवरच्यापेक्षा कमी वाकतो, आणि त्याला कमरेच्या हाडापर्यंतचं, किंचित लांबीकडे झुकणारं माप चालून जातं. उभ्या स्टिकने चेंडू नीट जमिनीवर भेटतो की नाही एवढं पाहावं. वर मी फॉरवर्डसाठी आखूड माप सांगितलं ते टर्फच्या हिशेबाने. मुरमावर त्यात अर्धा-एक इंच सूट द्यायला हरकत नाही. मुरूम स्टिकचं डोकंही खातो. लाकूड झिजून तंतू सुटले की चिकटपट्टी लावून भागवता येतं. कार्बनचा टवका उडाला की तो पुन्हा बसत नाही.

पण हे मूल कायम मुरमावर राहणार नाही, निदान तशी इच्छा आहे. शालेय स्पर्धांत जिल्ह्याच्या पुढे गेलं की गाठ पडते मुंबईच्या संघांशी. चर्चगेटजवळचं मुंबई हॉकी असोसिएशनचं मैदान किंवा पुण्यात बालेवाडी, पिंपरीचं नेहरूनगर, कुठेही गेलं तरी टर्फ. तिथे मुलं खाली बसून खेळत असतात आणि आमचं मूल उंचावरून पाहत असतं. अशा दौऱ्याआधी हातातल्या स्टिकपेक्षा इंचभर आखूड स्टिक मागून आणून पंधरा दिवस तरी खाली बसून खेळायची सवय करावी. शाळेचं सारवलेलं अंगण किंवा सिमेंटचं सभागृह चालतं, चेंडू निदान सरळ येतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मला मनापासून खटकते. शाळेत स्टिकचा गठ्ठा येतो तेव्हा मुलगे आधी निवडतात, आणि उरलेल्या मुलींच्या वाट्याला येतात. उरलेल्या म्हणजे सहसा सर्वांत लांब आणि जड. 1982च्या दिल्ली एशियाडमध्ये महिला हॉकीचं पहिलंच सुवर्ण भारताने जिंकलं, त्या संघाची कर्णधार पुण्याची एलिझा नेल्सन होती. आज भारतीय संघात खेळणारी वैष्णवी फाळके सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या आसू गावची. ती राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडली आणि 2023च्या हांगझोऊ एशियाडमध्ये कांस्य जिंकणाऱ्या संघात होती. अक्षता ढेकळेही फलटण तालुक्यातलीच. फलटण हे काही हॉकीचं जुनं माहेरघर नव्हे. तिथल्या मुलींना जे जमलं ते कर्जतच्या, खालापूरच्या, चौकच्या मुलींना का जमू नये? पण सुरुवात त्यांच्या मापाच्या स्टिकने व्हायला हवी.

वजन आणि ग्रिप याबद्दल थोडक्यात. लांबी ठरल्याशिवाय वजनाकडे पाहू नये, कारण लांब स्टिक त्याच वजनाची असूनही हाताला जड लागते. ग्रिप घामाच्या हवेत घसरते, म्हणून आमच्याकडे जाड, शोषून घेणारी बरी. पण लहान पंजाला जाड ग्रिप धरता येत नाही, उजव्या मुठीत दांडा फिरेनासा होतो. बोटं दांड्याभोवती वळून अंगठ्याला सहज भेटली पाहिजेत.

मोजायचं कधी? शाळा सुरू होताना एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा. तेरा-चौदाव्या वर्षी मुलं एका पावसाळ्यात इतकी वाढतात की जूनमधली स्टिक नोव्हेंबरमध्ये आखूड होते. म्हणूनच मला वाटतं की ही खरेदी एकेका घरावर सोडू नये. शाळेने किंवा तालुक्यातल्या दोन-तीन शाळांनी मिळून स्टिकचा एक संच ठेवावा. सगळ्या साडेछत्तीसच्या घाऊक दराने आणलेल्या नकोत. 32च्या चार, 34च्या सहा, 35 आणि 36च्या मिळून सहा, साडेछत्तीसच्या चार, साडेसदतीसची एखादी. दांड्यावर रंगाने माप लिहावं. मुलाने सुट्टीत आपल्या मापाची न्यावी, वाढलं की परत करून मोठी घ्यावी आणि जुनी खालच्या वर्गातल्याला द्यावी. फुलबॅक व्हायचंय का विंगर, हे ठरवण्याआधी त्याने तीन मापांनी खेळून पाहावं. एकदोन टोकं कापावी लागतील, एकदोन मोडतील. मोडलेल्या टाकून देऊ नयेत, दोरीने बांधून पाचवी-सहावीच्या मुलांना खेळायला द्याव्यात.